चिकटलेले आणि विणलेले

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, मोहोळच्या अलीकडे, चिंचोळी एमआयडीसी लागते. औषधांचा कच्चा माल, रसायने, वाहनांचे सुटे भाग असे बरेच काही या वसाहतीत तयार होते. कारखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीतला सोफा, मीटिंग हॉलमधला गालिचा, कामगारांची ने-आण करणाऱ्या बसची सीट ज्यांना रोज साफ करावी लागते, त्यांना सगळ्यात चिवट डाग कोणता ते विचारावे. धूळ झटकली की जाते, सांडलेला चहा वेळीच टिपला की निघतो, वंगणही साबणाला दाद देते. च्युइंग गम पाण्याला जुमानत नाही. घासला तर पसरतो, आणि रागाने ओढला तर कापडाचा धागा सोबत घेऊन येतो.

हा डाग काढताना एका जुन्या प्रश्नाशी गाठ पडते. एखाद्या वस्तूला बाहेरून येऊन चिकटलेले कुठे संपते आणि तिचे स्वतःचे कुठे सुरू होते? कापडापुरता हा प्रश्न धुणारा माणूस सोडवतो. माणसापुरता तो धर्माने आणि तत्त्वज्ञानाने हाती घेतला, आणि त्यासाठी वारंवार कापडाचा आणि मळाचा दृष्टांत घेतला. ज्या जिल्ह्याचे नाव चादरीमुळे घरोघरी पोचले, त्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारायला हवाच.

आधी गम म्हणजे काय ते पाहू. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गमचा धंदा उभा राहिला तो मेक्सिकोतल्या एका झाडाच्या चिकावर. ते झाड म्हणजे आपल्या घोलवड-डहाणूच्या वाड्यांमधले चिकूचेच झाड. आजच्या गममध्ये हा चीक क्वचितच असतो. त्याच्या जागी पॉलिआयसोब्युटिलीन, ब्युटाइल रबर, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट असे पॉलिमर आले. ब्युटाइल रबरापासून टायरच्या आतली ट्यूब बनते, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट लाकूड जोडायच्या पांढऱ्या डिंकात असते. चघळताना साखर आणि स्वाद लाळेत विरघळून जातात, उरतो तो हा पाया. तासभर लाळेत राहूनही जो विरघळला नाही, तो बादलीभर पाण्याने विरघळेल कसा?

सुताचे नेमके उलटे आहे. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि त्याला पाण्याची ओढ; म्हणून तर सोलापुरी टॉवेल अंग टिपतो. पाण्याला दूर सारणारा गम आणि पाणी ओढून घेणारे सूत यांचे रासायनिक नाते काहीच जुळत नाही. तरीही गम पक्का बसतो. अंगाच्या उबेने तो मऊ होतो, पिळलेल्या तंतूंच्या फटींमध्ये आणि टॉवेलच्या लुपांमध्ये शिरतो आणि तिथे आवळून बसतो. पकड इतकी घट्ट की वरवर पाहणाऱ्याला कापड आणि गम एकच झाल्यासारखे वाटावे.

त्यांना वेगळे करायची सगळ्यात भरवशाची रीत बर्फाची आहे. बर्फाचे खडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचे, म्हणजे कापड भिजत नाही, आणि ती पिशवी गमवर दाबून धरायची. गम दगडासारखा होईपर्यंत थांबायचे. मग चमच्याच्या बोथट दांड्याने त्याला तडा द्यायचा आणि कडेकडून आत येत तुकडे उचलायचे. पुन्हा ऊब लागून ते चिकटण्याआधी व्हॅक्यूमने किंवा ब्रशने गोळा करायचे. तंतूंमध्ये जो पातळ थर उरतो त्याला फडक्यावर घेतलेले थोडे खोबरेल किंवा शेंगतेल लावायचे, कारण गमचा पाया पाण्यात नाही तरी तेलात सैल होतो. तो पुसून घ्यायचा. शेवटी भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने तेल काढायचे, स्वच्छ पाण्याचे फडके फिरवायचे आणि कोरड्या कापडाने टिपायचे. यातले काहीही आधी सोफ्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहायचे.

बर्फ नक्की काय करतो? थंडीने गमच्या लांबलचक साखळ्यांची हालचाल मंदावते, तो कडक आणि ठिसूळ होतो. तेवढ्याच थंडीत सुताचे काही बिघडत नाही, ते लवचीक राहते. एकच थंडी दोघांना लागली आणि दोघे वेगळे वागले. हा स्वभावातला फरक नसता तर डाग काढायला जगात कुठलाच उपाय उरला नसता.

म्हणून बळाचा उपाय फसतो. गमवर गरम इस्त्री फिरवली तर तो मऊ होऊन आणखी खोल जातो, आणि गालिचा पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर गमसोबत गालिचाही वितळायला लागतो. जहाल द्रावकाचेही तसेच. सोलापूरच्या बालाजी अमाइन्सचे कारखाने चिंचोळीत आहेत, आणि या कंपनीच्या उत्पादनांमध्ये डायमिथाइल फॉर्मामाइड हे द्रावक आहे. उद्योगात त्याचे मोल मोठे, कारण इतर द्रावकांना दाद न देणारे पदार्थ ते विरघळवते. ॲक्रिलिकचे तंतू बनवताना ते पॉलिमर विरघळवण्यासाठी वापरले जाते, म्हणजेच ॲक्रिलिकच्या कापडावर ते ओतले तर डागासकट कापडही जाईल. शिवाय माणसाच्या यकृताला ते घातक, त्यामुळे घरगुती सफाईत त्याला जागाच नाही. उपायात ताकद हवीच. पण ती मळ आणि वस्त्र यांत फरक करणारी हवी.

इथे एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. बाहेरून आले ते मळ, मूळचे ते आपले, असा सोपा नियम करावा तर रंगाचे काय? चादरीवरचा लाल, निळा, हिरवा रंगही बाहेरूनच आला. डाइंग हाऊसच्या हौदात कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) यांच्या पाण्यात व्हॅट रंग विरघळतो, तंतूच्या आत शिरतो, आणि हवा लागली की पुन्हा न विरघळणारा होऊन आतच राहतो. १९५६ मध्ये बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग त्याहून पुढे जातात. ते सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतात. हा रंग सुतावर बसलेला नसतो, सुताचा भाग झालेला असतो. त्याला डाग समजून कोणी खरवडायला लागले तर हाती कापडाच्या चिंध्या येतील.

सोलापूर शहराची घडणही अशीच. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथे माग मांडले. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येतात. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ही वस्तू या मातीची आहे यावर शिक्कामोर्तब झाले. तिच्या धाग्यात दुसऱ्या प्रांतातून आलेले हात आहेत, आणि ते वजा केले तर सोलापुरी म्हणून काही शिल्लक राहत नाही. तेव्हा कुठून आले, या प्रश्नाने निवाडा होत नाही. काढून घेतले तर मूळ वस्तू अधिक स्वतःसारखी होते की फाटते, हे पाहावे लागते.

माणसाच्या दोषांना ही कसोटी कशी लावायची? राग, लोभ, मत्सर हे माणसाचा स्वभाव आहेत की त्याला चिकटलेले आहेत? यावर जैन विचाराइतके बारकाईने क्वचितच कोणी लिहिले असेल, आणि सोलापूरला तो विचार परका नाही. वालचंद हिराचंद १८८२ मध्ये याच शहरात, कापसाचा व्यापार करणाऱ्या जैन घराण्यात जन्मले. इथल्या जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९४३ पासून प्राकृत आणि संस्कृत ग्रंथांच्या संशोधित आवृत्त्या काढल्या. 'तिलोयपण्णत्ती' हा त्यांतला पहिला मोठा ग्रंथ.

जैन दर्शनात कर्म हे सूक्ष्म द्रव्य आहे. ते जीवाकडे येते आणि चिकटते. आचार्य कुंदकुंदांच्या 'समयसार'मध्ये याचा एक दृष्टांत आहे. एक माणूस अंगाला तेल चोपडून धुळीच्या जागी शस्त्राने व्यायाम करतो, झाडे तोडतो, आणि त्याच्या अंगावर धूळ बसते. दुसरा माणूस त्याच जागी तेच सगळे करतो, पण अंगाला तेल नाही. त्याला धूळ चिकटत नाही. मग धूळ कशामुळे चिकटली? हालचालीमुळे नव्हे, तेलामुळे. राग आणि आसक्ती हे ते तेल. त्याच ग्रंथात मळाने झाकल्या गेलेल्या वस्त्राच्या शुभ्रपणाचाही दाखला येतो: शुभ्रता झाकली गेली, पण ती वस्त्राची होती आणि वस्त्राचीच राहिली.

दहाव्या शतकातल्या नेमिचंद्रांनी तर लोभाच्या चार प्रती कापडावरच्या डागांनीच समजावल्या. गोमटेश्वराची मूर्ती घडवून घेणाऱ्या चामुंडरायासाठी त्यांनी 'गोम्मटसार' लिहिले. त्यात सगळ्यात तीव्र लोभ किरमिजी पक्क्या रंगासारखा, त्याखालचा गाडीच्या चाकातल्या वंगणासारखा, तिसरा अंगाच्या मळासारखा आणि सगळ्यात सौम्य लोभ हळदीच्या रंगासारखा सांगितला आहे. कपडे धुणाऱ्या कुणालाही हा क्रम पटेल. हळद उन्हात उडते, अंगाचा मळ साबणाने जातो, वंगणाला कष्ट पडतात, आणि पक्क्या रंगाशी झुंज आयुष्यभर चालते. दोष चिकटलेला असला तरी प्रत्येक दोषाची पकड सारखी नसते, हे ओळखल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दोष बाहेरचा म्हटला की माणूस मोकळा सुटतो. मी वाईट नव्हतो, मला वाईट चिकटले, असे म्हणायला त्याला वाट मिळते. कुंदकुंदांच्या दृष्टांतातच याचे उत्तर आहे. धूळ बाहेरची असली तरी तेल त्या माणसाने स्वतः चोपडले होते. चिकटू देण्याची जबाबदारी त्याची, आणि काढण्याचे कष्टही त्याचेच. दोष हाच स्वभाव मानला तर मात्र जबाबदारीही संपते आणि आशाही. जे बदलूच शकत नाही त्याबद्दल कोणाला जाब विचारणार?

शंकराचार्यांचा अद्वैत विचार आणखी एक पाऊल पुढे टाकतो. आत्म्यावर मळ कधी लागलाच नाही, तो लागल्याचा भास अज्ञानामुळे झाला, ज्ञान झाले की भास गेला, असे ते सांगतात. ही उंची मोठी आहे. पण सोफ्यावरचा गम भास आहे असे कळल्याने सोफा स्वच्छ होत नाही, आणि माणसाचा वर्षानुवर्षांचा रागही नुसता ओळखल्याने जात नाही. या ठिकाणी जैनांचे म्हणणे रोजच्या अनुभवाला अधिक धरून आहे: चिकटलेले खरे आहे, ते वेगळे आहे हेही खरे आहे, आणि ते काढायला खरे काम करावे लागते. त्या कामाचे ते दोन भाग करतात. नवे येणे थांबवणे हा संवर, आणि चिकटलेले झाडून टाकणे ही निर्जरा. औषध कारखान्यांना लागू असलेल्या 'शेड्युल एम' नियमांत उत्पादन विभागात खाणे, पिणे, चघळणे यांना बंदी आहे. सिंगापूरने १९९२ मध्ये गम आणायलाच बंदी घातली, आणि २००४ मध्ये औषधी गमपुरती ती सैल केली. हा संवर झाला. बर्फाची पिशवी धरून बसणाऱ्याच्या वाट्याला निर्जरा येते.

पाण्याबद्दल बुद्धांनीही बजावून ठेवले आहे. 'मज्झिम निकाय'मधल्या वत्थूपम सुत्तात ते म्हणतात की मळकट कापड कुठल्याही रंगात बुडवले तरी रंग नीट चढत नाही; मनाचेही तसेच. ते ऐकून एक ब्राह्मण विचारतो, गौतम बाहुका नदीवर स्नानाला जातात का? बुद्ध सांगतात की दुष्कृत्य करणाऱ्याला नदी शुद्ध करीत नाही. खरे बोलणाऱ्याला, हिंसा न करणाऱ्याला घरची विहीरही पुरते. ज्या डागाचा स्वभाव पाण्याचा नाही, तो पाण्याने निघत नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात स्नानाला जाणाऱ्या लाखो भाविकांना हे सांगणारे संत महाराष्ट्रातही झाले, आणि त्यांनी तीर्थाचा अनादर न करता ते सांगितले.

इथवर डाग खरा होता. पण जिथे डाग नव्हताच तिथे तो पाहिला गेला, आणि त्यापायी माणसांच्या पिढ्या घासल्या गेल्या, ही गोष्ट याच जिल्ह्यात घडली. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. या कायद्याने गुन्हा हा माणसाच्या हातून घडणारी कृती न राहता जमातीचा जन्मजात गुण ठरला. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणात सेटलमेंट उभी राहिली. कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींच्या कुटुंबांना तिथे ठेवले गेले, त्यांची हजेरी घेतली जाई, परवानगीवाचून बाहेर जाता येत नसे. शहरातल्या कापड गिरण्यांना त्यांतून मजूर मिळाले. ज्या हातांनी कोरे कापड काढले त्या हातांवर सरकारने न पुसता येणारा शिक्का मारला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याच्या जाचातून मुक्त झाल्या. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव सोलापूरच्या पत्त्यांवर अजून आहे. कायदा गेला तरी चोरी झाली की संशय आधी त्याच वस्तीकडे वळतो, हे विमुक्तांच्या आत्मकथनांनी महाराष्ट्राला ऐकवले आहे.

अस्पृश्यतेचा विटाळ हाही असाच, नसलेला डाग. चोखामेळा मंगळवेढ्याचे. त्यांनी आणि सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच विचारले होते की देहालाच विटाळ म्हणायचे तर त्यातून सुटलेला देह कोणाचा आहे? या प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नव्हते. तरीही पंढरपुरात नामदेव पायरीजवळच्या चोखोबांच्या समाधीपुढे दलित भाविकांना जाता येत नव्हते. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवसांचे उपोषण केले तेव्हा विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. तिथे भाविकांच्या अंगावरून काहीच धुवायचे नव्हते. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत जे चिकटले होते ते काढायला सहा शतके लागली.

आणखी एक अन्याय याच्या पोटात दडलेला आहे. मळ काढणाऱ्यालाच मळलेला ठरवले गेले. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणात (आजचे कर्नाटकातले बसवकल्याण) मडिवाळ माचय्या हा धोबी शरण, म्हणजे बसवेश्वरांच्या मेळ्यातला शिवभक्त, होता. त्याचे मूळ गाव देवर हिप्परगी, आजच्या सोलापूरला लागून असलेल्या विजयपूर जिल्ह्यातले. सोलापूरचे सिद्धरामेश्वर याच कल्याणाला जाऊन शरणांच्या मेळ्यात सामील झाले. जिथे काम हेच पूजा मानले गेले तिथे कपडे धुणारा माणूस राजमंत्री असलेल्या बसवेश्वरांच्या बरोबरीने बसला. कल्याणवर संकट आले तेव्हा शरणांनी रचलेल्या वचनांची हस्तलिखिते वाचवण्यासाठी माचय्या लढला, अशी परंपरा आहे. विसाव्या शतकात परीट समाजात जन्मलेल्या गाडगेबाबांनी दिवसा गावाचे रस्ते झाडले आणि रात्री कीर्तनातून मने. झाडू आणि कीर्तन ही त्यांच्या लेखी एकाच कामाची दोन टोके होती.

सफाईची शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. गम काढायला लावलेले तेल कापडात राहिले तर दोन दिवसांत त्यावर धूळ बसते आणि जुन्या जागी नवा काळा डाग उमटतो. तेलाने उपकार केले तरी तेही धुवावे लागते, आणि त्यासाठी लावलेला साबणही. 'समयसार' पुण्याबद्दल हेच सांगते: बेडी लोखंडाची असो वा सोन्याची, बांधते दोन्ही. सुधारणेच्या कामात उपायच गळ्यातला दागिना होऊन बसण्याचा धोका कायम असतो. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवून ते पुढच्या गावी निघाले.

चिंचोळीतल्या कारखान्यांमध्ये आज हे काम हाउसकीपिंगच्या बायका आणि पुरुष करतात. डाग त्यांनी पाडलेला नसतो, पण तो राहिला तर बोलणी त्यांना बसतात. त्यांच्या हातात बर्फ, तेल आणि पुरेसा वेळ द्यावा. कोणत्या बाटलीत कोणते रसायन आहे ते त्यांना वाचता येईल अशा मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत लिहावे. हातमोजे द्यावेत. आणि मीटिंग संपवून उठणाऱ्याने तोंडातला गम कागदात गुंडाळून डब्यात टाकावा.